खटल्याचा चित्रपट होतो तेव्हा

१९६३ साली 'ये रास्ते हैं प्यार के' हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. पडद्यावर पहिले दृश्य येण्यापूर्वी एक निवेदन येत असे. या चित्रपटातील सर्व पात्रे व प्रसंग काल्पनिक आहेत, असा त्याचा आशय होता. असे निवेदन चित्रपटाच्या आरंभी असणे हा रिवाजच आहे आणि सहसा ते कोणी वाचीतही नाही. या चित्रपटाच्या बाबतीत मात्र ते प्रत्येकाने वाचले असावे आणि त्यावर विश्वास बहुधा कोणीच ठेवला नसावा. नायक नौदलातील अधिकारी नसून वैमानिक होता, त्याची पत्नी इंग्रज नव्हती, मित्राचे नाव निराळे होते. तरीही हा नानावटी खटला आहे, हे मुंबईतील प्रेक्षकाला सांगावे लागले नाही. चार वर्षे त्या शहराने दुसरे काही इतक्या आवडीने वाचलेच नव्हते.

चित्रपट कृष्णधवल होता. एखाद्या बड्या चित्रसंस्थेने तो काढलेला नव्हता. नट सुनील दत्त यांनी 'अजंठा आर्ट्स' या आपल्या स्वतःच्या संस्थेतर्फे त्याची निर्मिती केली होती. दिग्दर्शन आर. के. नय्यर यांचे. नायक स्वतः दत्त, नायिका लीला नायडू, मित्राच्या भूमिकेत रहमान, आणि न्यायालयात समोरासमोर उभे ठाकणारे दोन वकील म्हणजे अशोककुमार व मोतीलाल. संगीत रवी यांचे. एवढी सामग्री आणि सर्वांच्या तोंडी असलेला विषय जमून आला, तरीही चित्रपट फारसा चालला नाही. ज्या प्रकरणासाठी लोकांनी पंचवीस पैशांचे साप्ताहिक दोन रुपयांना विकत घेतले, त्याच प्रकरणाचा चित्रपट पाहण्यास त्यांनी म्हणावी तशी गर्दी का केली नाही, याचा उलगडा करावयाचा तर प्रथम खटल्याकडे वळले पाहिजे.

कमांडर कावस नानावटी हे भारतीय नौदलाच्या 'मैसूर' या युद्धनौकेवरील दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी. पत्नी सिल्व्हिया इंग्रज. विवाह १९४९ मधला, संसारात तीन मुले. कामानिमित्त त्यांना दीर्घकाळ समुद्रावर राहावे लागे. त्या काळात प्रेम आहुजा या मोटारींच्या व्यापाऱ्याशी सिल्व्हियाचे संबंध जुळले. २७ एप्रिल १९५९ रोजी दुपारच्या जेवणानंतर पतीने खोदून विचारले आणि पत्नीने कबुली दिली. येथपर्यंतची कथा जगातील कोणत्याही भाषेतील कादंबरीत सापडेल. खटल्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते यापुढचे.

दीड वाजण्याच्या सुमारास नानावटी घरातून निघाले. पत्नी, दोन मुले व शेजाऱ्यांचे एक मूल यांना त्यांनी गाडीतून मेट्रो चित्रपटगृहापाशी सोडले. मुलांना चित्रपट दाखविण्याचा बेत आधीच ठरला होता, तो त्यांनी मोडला नाही. खेळ सुटल्यावर सहा वाजता न्यावयास येतो, असेही सांगितले. तेथून ते आपल्या नौकेवर गेले. रात्री एकट्यानेच गाडी हाकीत अहमदनगरला जावयाचे आहे, असे कारण सांगून त्यांनी भांडारातून एक रिव्हॉल्व्हर व सहा काडतुसे घेतली आणि ती एका तपकिरी लिफाफ्यात घातली. मग ते आहुजांच्या कचेरीत गेले. आहुजा तेथे नव्हते. तेव्हा गाडी त्यांच्या राहत्या घराकडे वळली. नोकराने दार उघडले. नानावटी सरळ शयनगृहात गेले व त्यांनी आतून दार लावून घेतले. आहुजा नुकतेच स्नान करून आले होते आणि त्यांच्या कमरेला टॉवेल होता. थोड्याच वेळात तीन गोळ्यांचे आवाज झाले. तेव्हा चार वाजून वीस मिनिटे झाली होती. तेथून निघून नानावटी आपण होऊन पोलिसांच्या स्वाधीन झाले.

दीड ते चार वीस. पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत जो वाद गेला, त्याचा मोठा भाग या पावणेतीन तासांच्या अवधीवर उभा होता.

२०२४ पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या तीनशेव्या कलमाला जे अपवाद होते, त्यांतील पहिला अपवाद असा होता की, गंभीर व आकस्मिक प्रक्षोभामुळे ज्याचा स्वतःवरील ताबा सुटला आहे अशा माणसाच्या हातून मृत्यू घडला, तर तो खून ठरत नसे. तो सदोष मनुष्यवध ठरे. प्रक्षोभ गंभीर होता, हे कोणीही मान्य करील. प्रश्न आकस्मिकतेचा होता. कबुली ऐकल्यावर ज्याने बायकामुलांना चित्रपटाला पोहोचविले, परतीची वेळ ठरवून दिली, शस्त्रासाठी सबब रचली आणि एका ठिकाणी माणूस सापडला नाही म्हणून दुसऱ्या ठिकाणी त्याचा शोध घेतला, त्याचा ताबा सुटलेला होता असे म्हणावयाचे की ताबा परत आला होता असे म्हणावयाचे?

येथे एक गोष्ट ध्यानी ठेवावी, कारण लोकांच्या बोलण्यात ती जवळजवळ विसरली गेली. बचावाची मुख्य बाजू प्रक्षोभाची नव्हतीच. ती अपघाताची होती. सिल्व्हियाशी लग्न करून मुलांना सांभाळणार काय, असे नानावटींनी विचारले. ज्या ज्या स्त्रीशी संबंध येईल तिच्याशी काय लग्न करीत बसावयाचे, अशा अर्थाचे उद्दाम उत्तर आहुजांनी दिले. लिफाफ्याकडे दोघांचेही हात गेले, झटापट झाली आणि तीत गोळ्या सुटल्या, असे आरोपीचे म्हणणे होते. फिर्यादी पक्षाने त्यावर त्या टॉवेलकडे बोट दाखविले. दोन पुरुषांत रिव्हॉल्व्हरसाठी झोंबाझोंबी होते, तीन गोळ्या सुटतात, आणि स्नान करून आलेल्या माणसाच्या कमरेचा टॉवेल जागचा ढळत नाही, हे कसे? अवघ्या खटल्यात याहून घरगुती आणि याहून अवघड प्रश्न दुसरा नव्हता.

सत्र न्यायाधीश आर. बी. मेहता यांच्यापुढे १९५९ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात सुनावणी झाली. बचावाचे वकील कार्ल खंडालावाला. पुढे भारतीय चित्रकलेचे थोर अभ्यासक म्हणून ज्यांचे नाव झाले, तेच हे गृहस्थ. नानावटी नौदलाच्या शुभ्र गणवेशात, पदके लावून आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहत. पत्नीने त्यांच्या बाजूने साक्ष दिली. नऊ जणांच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी त्यांना निर्दोष ठरविले.

ज्यूरी म्हणजे काय, हे आजच्या पिढीला सांगणे अवश्य आहे, कारण ती पद्धती आता आपल्याकडे उरलेली नाही. कायद्याचे शिक्षण नसलेले सामान्य नागरिक साक्षीपुरावा ऐकत, न्यायाधीश त्यांना कायदा समजावून देई आणि घटना कशी घडली याचा निर्णय ते देत. इंग्लंडात १९६७ पर्यंत या निर्णयाला एकमत लागे. आपल्याकडे बहुमतही पुरत असे. मात्र हिंदुस्थानातील ज्यूरीवर इंग्रजी राज्यकर्त्यांनी एक लगाम ठेवला होता. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३०७ व्या कलमान्वये, ज्यूरीचा निर्णय न्यायाधीशाला मुळीच पटण्यासारखा नसेल, तर तो ते प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवू शकत असे. मेहता यांनी तेच केले. समंजस माणसांना असा निर्णय देता येणार नाही, असे त्यांचे मत पडले.

उच्च न्यायालयात सरकारी बाजू यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी मांडली. पुण्याचे हे कायदेपंडित पुढे १९७८ साली भारताचे सरन्यायाधीश झाले. न्यायमूर्ती शेलत व न्यायमूर्ती नाईक यांनी ११ मार्च १९६० रोजी नानावटींना खुनाबद्दल दोषी ठरवून जन्मठेप दिली. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. निकालपत्र लिहिले न्यायमूर्ती के. सुब्बा राव यांनी. त्यात ज्यूरीला केवळ दोष दिलेला नाही. सत्र न्यायाधीशांनी कायदा समजावून देताना स्वतःच चुका केल्या होत्या आणि अपघाताची बाजू सिद्ध करण्याचा भार कोणावर व किती, हे ज्यूरीला नीट सांगितले गेले नव्हते, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. प्रक्षोभासंबंधी त्यांनी घालून दिलेली कसोटी आजही न्यायालयात वापरली जाते. आरोपी समाजाच्या ज्या थरातला, त्या थरातील समंजस माणूस त्या प्रसंगी ताबा गमावून बसला असता काय? आणि प्राणघातक कृत्य त्या क्षोभाच्या भरातच झाले, की मधल्या काळात मन थंडावून विचाराला जागा मिळाली होती? दीड ते चार वीस हा अवकाश मन ताळ्यावर येण्यास पुरेसा होता, असे न्यायालयाने ठरविले.

सामान्य माणसाच्या मनाला हे हिशेब पटत नव्हते. त्याच्या लेखी प्रश्न मिनिटांचा नव्हता, अब्रूचा होता. या भावनेला वाचा फोडली ती रुसी करंजिया यांच्या 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने. एका बाजूला देशसेवा करणारा, घरी विश्वासघात झालेला रुबाबदार अधिकारी. दुसऱ्या बाजूला पैसा व चैन यांत लोळणारा व्यभिचारी. असे चित्र त्याने आठवड्यामागून आठवडे रंगविले. रस्त्यावर 'आहुजा टॉवेल' आणि 'नानावटी पिस्तुले' विकली जाऊ लागली. या गदारोळात मेलेल्या माणसाच्या बाजूने बोलणारे फार थोडे होते. त्याची बहीण मात्र ठाम उभी राहिली आणि तिच्या वतीने खटल्यावर नजर ठेवण्यास राम जेठमलानी हे तरुण वकील न्यायालयात बसत.

वृत्तपत्र, ज्यूरी आणि चित्रसृष्टी या तिघांची गाठ पडण्याचा प्रसंग मुंबईत प्रथमच आला असे नाही. मद्रासने तो पंधरा वर्षे आधीच अनुभवला होता. त्या शहरात वृत्तपत्र आणि न्यायालय यांचे नाते तसे जुने आहे. टी. मुथुस्वामी अय्यर यांची उच्च न्यायालयाचे न्यायाधीश म्हणून नेमणूक झाली, तेव्हा गोऱ्यांच्या वृत्तपत्रांनी काहूर उठविले. त्याला उत्तर द्यावे म्हणून तिरुवल्लिकेणीतील, म्हणजे इंग्रज ज्याला ट्रिप्लिकेन म्हणत त्या वस्तीतील, सहा तरुणांनी एक रुपया बारा आणे कर्जाऊ घेतले आणि २० सप्टेंबर १८७८ रोजी 'हिंदू' या साप्ताहिकाच्या ऐंशी प्रती छापल्या. एका न्यायाधीशाच्या सन्मानार्थ निघालेले ते पत्र. त्याच शहरात १९४० नंतर लक्ष्मीकांतन नावाचा एक पत्रकार नटनट्यांच्या खासगी आयुष्यातील कुलंगडी छापून पोट भरू लागला. वृत्तपत्रांचा मळवट आणि वृत्तपत्रांचे काजळ, दोन्ही मद्रासने पाहिले असे म्हणावयास हरकत नाही.

नोव्हेंबर १९४४ मध्ये या लक्ष्मीकांतनवर वेपेरी भागात सुऱ्याचा हल्ला झाला व दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. तमिळ पडद्यावरील सर्वांत लोकप्रिय गायक-नट एम. के. त्यागराज भागवतर आणि विनोदी नट एन. एस. कृष्णन यांच्यावर कटाचा आरोप ठेवण्यात आला. ज्यूरीने सहा विरुद्ध तीन मतांनी त्यांना दोषी ठरविले व जन्मठेप झाली. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले, तेथून फेरविचारासाठी मद्रासला परत आले आणि १९४७ च्या एप्रिलमध्ये दोघेही निर्दोष सुटले. दरम्यान अडीच वर्षे तुरुंगात गेली होती. कृष्णन पुन्हा उभे राहिले. भागवतरांचा पूर्वीचा काळ मात्र परत आला नाही. मुंबईतील ज्यूरीने नानावटींना सोडले, त्याच शरद ऋतूत, १ नोव्हेंबर १९५९ रोजी, त्यांचे निधन झाले. मुंबईच्या ज्यूरीने लोकप्रिय आरोपीला सोडून दिले म्हणून ज्यूरीपद्धतीला नावे ठेवणाऱ्यांनी मद्रासच्या ज्यूरीने त्याहून कितीतरी लोकप्रिय आरोपींना दोषी ठरविले होते, हेही विसरू नये.

पुढे १९५२ साली मद्रासहून सुटलेल्या बोट मेलमध्ये मानामदुरै स्थानकावर एका पेटीत शिर नसलेले प्रेत सापडले. तो आळवंदार खून खटलाही असाच गाजला. एवढे दोन खटले हाताशी असताना मद्रासच्या चित्रपटनिर्मात्यांनी त्या काळात त्यांना हात घातला नाही. १९५४ साली एस. बालचंदर यांनी एकही गाणे नसलेला 'अंद नाळ' हा कृष्णधवल तमिळ चित्रपट काढला. मद्रास शहर, युद्धकाळ, एका माणसाचा खून आणि त्याचा तपास, असे त्याचे कथानक. चित्रपट उत्तम आहे; परंतु त्यातील खून कल्पनेतला आहे. हयात माणसांचा खटला पडद्यावर आणण्याचे धाडस निराळेच असते.

सुनील दत्त यांनी ते केले. त्यांचा चित्रपट लागला, तेव्हा नानावटींची शिक्षा चालू होती आणि दयेचा प्रश्न लोंबकळत होता. यापूर्वी एकदा त्यात राज्यपालांनी हात घालून पाहिला होता. उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली, त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी शिक्षा स्थगित करून आरोपीला नौदलाच्या ताब्यात राहू दिले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांपुढे गेले आणि अपील आमच्यापुढे असताना शिक्षा स्थगित करण्याचा अधिकार राज्यपालांना नाही, असे सप्टेंबर १९६० मध्ये बहुमताने ठरले. अशा वेळी या विषयावर चित्रपट काढावयाचा म्हणजे बदनामीचा दावा, न्यायालयाचा अवमान व सेन्सॉर या तिन्ही वाटांनी संकट येण्याचा संभव. म्हणून ते आरंभीचे निवेदन, आणि म्हणूनच नौदलाचा गणवेश उतरवून वैमानिकाचा चढविणे. लीला नायडू यांच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत तर असे म्हटले आहे की, पटकथा खटल्याच्या आधीच लिहून झाली होती आणि साम्य हा केवळ योगायोग. योगायोग असेल तर तो निर्मात्याच्या पथ्यावर पडणारा होता, एवढे खरे.

पण चित्रपटाने नावागावांखेरीज जे बदलले, तेच अधिक बोलके आहे. खऱ्या प्रकरणातील स्त्री आहुजांच्या प्रेमात पडली होती. तिची पत्रे न्यायालयात वाचली गेली. घटस्फोट घेऊन नवा संसार मांडण्याचे विचार त्यांत होते. हा भाग हिंदी चित्रपटाच्या नायिकेला पेलणारा नव्हता. म्हणून पडद्यावर तिच्या स्खलनाचा भार मित्राच्या कारस्थानावर टाकला आहे. ती मोहात पडत नाही, फसविली जाते. असे केल्याने ती निष्पाप ठरावी अशी अपेक्षा होईल. परंतु तसेही होत नाही. न्यायालय नायकाला निर्दोष सोडते आणि नायिका मरते. ज्याने गोळी झाडली तो सुटतो. जिची फसवणूक झाली तिला प्राण द्यावे लागतात. खऱ्या खटल्यात कोणत्याही न्यायालयाने सिल्व्हियाला शिक्षा केली नव्हती. ती देण्याचे काम पडद्यावरील कथेने केले.

ज्यूरीने दिलेला आणि दोन न्यायालयांनी काढून घेतलेला निर्णय चित्रपटाने प्रेक्षकांना परत दिला, यात शंका नाही. तरीही प्रेक्षक खूश झाले नाहीत. याचे एक कारण असे संभवते की, खऱ्या प्रकरणाची गोडी त्याच्या अनिश्चिततेत होती. उद्या काय निकाल लागेल, टॉवेलचे कोडे कसे सुटेल, राज्यपाल काय करतील, यासाठी लोक अंक विकत घेत होते. पडद्यावर सर्व काही आधीच ठरलेले. दुसरे कारण खुद्द त्या पावणेतीन तासांत आहे. न्यायालयात प्रत्येक मिनिटाचा हिशेब मागितला गेला आणि त्यातूनच माणसाच्या मनाचा ठाव घेण्याचा प्रयत्न झाला. मुलांना चित्रपटगृहाशी उतरवून देणारा बाप आणि अहमदनगरची सबब सांगणारा अधिकारी, हा तर नाटककाराला हेवा वाटावा असा ऐवज. कनवाळू, उतावळा, फसवला गेलेला नायक उभा करावयाचा असेल, तर मात्र हा थंड डोक्याचा प्रवास अडचणीचा होतो. गाणी मात्र टिकली. आशा भोसले व महंमद रफी यांच्या आवाजातील ती गाणी रेडिओवर वर्षानुवर्षे वाजत राहिली आणि ती ऐकणाऱ्या कित्येकांना हा चित्रपट एका खुनाचा आहे, याचा पत्ताही नसे.

चित्रपटातील न्यायालयाची दृश्ये मात्र पाहण्यासारखी आहेत. अशोककुमार यांनी याआधी १९६० च्या 'कानून' या बी. आर. चोप्रांच्या गाणीविरहित चित्रपटात न्यायाधीशाचे काम केले होते. येथे ते वकील आहेत. मोतीलाल यांच्या सहज बोलण्यापुढे त्यांचे धारदार उलटप्रश्न चांगले शोभतात. काळे झगे, पांढरे गळपट्टे, पिंजऱ्यावर पडलेला एकाच बाजूचा प्रकाश, यांना कृष्णधवल चित्रण मानवते. आपल्याकडे ते बहुतेक काटकसरीमुळे होते, कारण रंगीत फिल्म महाग व आयात करावी लागणारी. अन्यत्र ते हेतुपूर्वक योजिले गेले.

अमेरिकेतील दोन उदाहरणे येथे ताडून पाहण्याजोगी आहेत. नानावटी प्रकरण ज्या वर्षी घडले त्याच १९५९ साली कॅन्सस राज्यात एका शेतकरी कुटुंबातील चौघांची हत्या झाली. त्यावर ट्रूमन कपोटी यांनी 'इन कोल्ड ब्लड' हे पुस्तक लिहिले आणि रिचर्ड ब्रूक्स यांनी १९६७ साली चित्रपट काढला. चित्रसंस्थेला तो रंगीत हवा होता. ब्रूक्स यांनी हट्टाने कृष्णधवल ठेवला. ज्या घरात हत्या झाली त्याच घरात चित्रण केले आणि मूळ खटल्यातील काही ज्यूरींनाही पडद्यावरील ज्यूरीत बसविले. दुसरे उदाहरण १९७० च्या 'द हनिमून किलर्स' या चित्रपटाचे. वर्तमानपत्रांतील विवाहविषयक जाहिरातींच्या आधारे एकाकी स्त्रियांना गाठून लुबाडणारे व ठार मारणारे मार्था बेक आणि रेमंड फर्नांडिस या जोडप्याची ती खरी कथा. या दोघांना १९५१ साली न्यूयॉर्कच्या सिंग सिंग तुरुंगात देहांत शिक्षा झाली होती. दिग्दर्शक लिओनार्ड कासल हे मूळचे संगीतकार. त्यांनी आयुष्यात हा एकच चित्रपट काढला, तोही अत्यल्प भांडवलावर. गुन्हेगारांना देखणे करून दाखविण्याची जी लाट तेव्हा अमेरिकन पडद्यावर आली होती, तिचा त्यांना तिटकारा होता. त्यांची माणसे स्थूल, हेवेखोर, कंजूष आणि क्षुद्र आहेत, आणि मरणाऱ्या स्त्रियांचा जीव सहजासहजी जात नाही. प्रेक्षकाला ते पाहणे कठीण जाते, आणि तसे जावे हाच दिग्दर्शकाचा हेतू.

या दोन्ही चित्रपटांत खरी नावे वापरली आहेत. ते शक्य झाले, कारण गुन्हेगार फासावर अथवा विजेच्या खुर्चीवर जाऊन पोहोचले होते. प्रश्न मिटला होता. दत्त यांच्या चित्रपटातील नायकाचा मूळ पुरुष त्या वेळी जिवंत होता, तरुण होता आणि निम्मे शहर त्याच्या सुटकेची वाट पाहत होते. तेव्हा दोघांना एकाच मापाने मोजणे न्यायाचे नाही. तरी एक फरक उरतोच. कासल यांच्या कॅमेऱ्याला बळी पडलेल्या माणसाविषयी कणव आहे. नानावटी प्रकरणावर आपल्याकडे जे जे निघाले, त्यात गोळी लागलेला माणूस खलनायकच राहिला.

मराठी रंगभूमीही या विषयापासून दूर राहिली नाही. ऑक्टोबर १९६२ मध्ये आचार्य अत्रे यांचे 'तो मी नव्हेच' रंगमंचावर आले. एका अट्टल ठकसेनाच्या खऱ्या खटल्यावर ते बेतलेले होते आणि प्रभाकर पणशीकरांचा लखोबा लोखंडे महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचला. सत्यघटना आणि न्यायालय यांचा खेळ रंगू शकतो, हे त्याने सिद्ध केले. अत्र्यांची युक्ती अशी की, त्यांनी सहानुभूती फसवल्या गेलेल्यांकडे ठेवली आणि मजा फसवणाराकडे. मधुसूदन कालेलकरांनी 'अपराध मीच केला' या नाटकात तर नानावटी प्रकरणाचाच आधार घेतला, आणि तेथेही प्रेक्षक नौदलाच्या अधिकाऱ्याच्या बाजूचा होता.

पडद्यावर ही कथा नंतर पुन्हा पुन्हा आली. १९७३ साली गुलजार यांनी 'अचानक' काढला, त्यात एकही गाणे नव्हते. २०१६ च्या 'रुस्तम' मध्ये अधिकाऱ्याच्या कृत्यामागे देशाच्या संरक्षणाचे एक कारस्थान जोडण्यात आले, म्हणजे त्याला पतीबरोबरच देशभक्तही करण्यात आले. सलमान रश्दी यांच्या 'मिडनाइट्स चिल्ड्रन' या १९८१ च्या कादंबरीतही एक कमांडर साबरमती भेटतो. ज्यूरीपद्धती या खटल्यानेच संपली, असे पुष्कळदा छापले जाते. ते तितकेसे खरे नाही. काही ठिकाणी ज्यूरी त्यानंतरही बसत होती. १९७३ च्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला स्थान उरले नाही, हे मात्र खरे.

खऱ्या कथेचा शेवट कोणत्याही पटकथालेखकाने केला नाही तसा झाला. १९६४ साली महाराष्ट्राच्या राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली. त्याच सुमारास भाई प्रताप या सिंधी उद्योगपतीलाही माफी मिळाली, त्यामुळे पारशी व सिंधी या दोन्ही समाजांचे समाधान झाले. १९६८ साली नानावटी कुटुंब कॅनडात गेले. पडद्यावर जिला मरावे लागले होते, ती पत्नी पतीबरोबर होती. नानावटी २००३ साली वारले, तोपर्यंतची पस्तीस वर्षे दोघांनी तेथे संसार केला आणि त्याविषयी वर्तमानपत्रांशी ते कधी बोलले नाहीत.